जुनी गाडी आणि शेवटचा बाक

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय दिला, 'माझा छंद'. माझ्या आधी एकाने सेंद्रिय धानाबद्दल सांगितलं, एकीने नर्मदा परिक्रमेबद्दल. मी एका जुन्या मोटारगाडीबद्दल बोलणार आहे, तेव्हा अपेक्षा जरा खाली आणा. सकाळी शाळेच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली करड्या रंगाची एक बुटकी, लांबट गाडी उभी दिसली असेल. ती माझी. ती पाहून आतापर्यंत चौघांनी मला विचारलं, "का गा, वीज कंपनीत एवढा साहेब झाला अन् नवीन गाडी नाही घेता आली?" हे भाषण म्हणजे त्या चौघांना एकदमच दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात आपल्या लहानपणापासून करावी लागेल. आपण दहावी झालो तेव्हा अर्जुनी मोरगाव भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. गोंदियाहून नॅरोगेजची छोटी गाडी यायची. मोटारगाड्या तर बोटांवर मोजाव्या एवढ्या. त्यातली एक डॉक्टरांची पांढरी फियाट. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरचा दांडा. ती मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी होती, १०८९ सीसीची, आणि तिची ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा ती आमच्यासाठी विमान होती.

थंडीत ती सकाळी चालू व्हायची नाही. मग डॉक्टर शाळेकडे निघालेल्या पोरांना हाक मारायचे. धक्का मारणाऱ्यांत मी असायचो, आणि शेवटच्या बाकावरचा आपला एक मित्र असायचा. इंजिन धडधडलं की मी टाळ्या पिटायचो. तो मात्र डॉक्टरांना विचारायचा, "पण डॉक्टरसाहेब, ती बंद कायले पडली?" मला गाडी पळाल्याचा आनंद, त्याला ती का थांबली याची चिंता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्या मित्राचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं तर उठून जाईन, अशी ताकीद त्याने सकाळीच दिली आहे. तो आज इथेच आहे. कुठल्या रांगेत, हे सांगायची गरज नाही.

पुढे मी शिकलो, वीज कंपनीत लागलो, नागपूरला स्थिरावलो. बाबा गेल्यानंतर आई गावातच राहिली. नवेगावबांधच्या अलीकडे आमचं गाव, दीड एकर धान आणि एक बोडी. तिला नागपूरच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या दिवशी करमेनासं होतं. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी मीच जातो. भंडारा, लाखनी, साकोली, सौंदड, कोहमारा आणि तिथून वळून नवेगावबांधच्या रस्त्याने जंगलातून घरी. हा रस्ता तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे.

२०२३ च्या सुरुवातीला माझी लहान गाडी थकली. घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. सगळ्यांचं म्हणणं एकच, उंच, दणकट दिसणारी नवीन गाडी घ्या, हप्ते पाडा. माझ्या मनात वेगळंच होतं. मी पन्नाशीला आलो होतो. महिन्यातून दोनदा एवढा रस्ता कापायचा तर तो चालवण्यात मजा यावी, आणि मुलीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लागू नये, एवढ्या दोन अटी होत्या. या दोन्हीत बसते ती जुनी स्पोर्ट्स सेडान. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. चार दारं, मागे डिकी, कुटुंबासाठी बसायला ऐसपैस. पण इंजिन, ब्रेक आणि चाकं मात्र थोडी तालमीत गेलेली. बाहेरून मास्तर, आतून पैलवान.

आपल्याकडे अशा गाड्या फार झाल्या नाहीत, पण ज्या झाल्या त्यांच्यावर लोक अजून जीव टाकतात. होंडा सिटीची २००० सालानंतरची व्हीटेक, दीड लिटरच्या इंजिनात १०६ अश्वशक्ती. २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती, आपल्याच राज्यात शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. आणि २०१० ला आलेली फियाट लिनिया टी-जेट, पुण्याजवळ रांजणगावला बनणारी. १३६८ सीसीचं लहानसं इंजिन, पण टर्बोमुळे ११४ अश्वशक्ती, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक.

व्हीटेक ज्यांनी नीट ठेवली आहे ते विकत नाहीत, आणि जे विकतात त्यांनी नीट ठेवलेली नाही. ऑक्टाव्हिया सुंदर, पण वीस वर्षांची गाडी आणि महागडे सुटे भाग. राहिली लिनिया. फियाटने इथला गाड्यांचा धंदा आवरल्यामुळे तिला बाजारभाव नाही, हे खरं. पण बाजारभाव नाही म्हणून तर ती मला परवडणार होती. आणि मनाच्या कोपऱ्यात डॉक्टरांची फियाट उभी होतीच, ते नाकारत नाही.

पहिल्याच फेरीत मी फसलो. एका शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे लालचुटूक टी-जेट होती. आरशासारखी चमक, मीटरवर ४८,००० किलोमीटर. मी चमक पाहिली आणि दहा हजार रुपये बयाणा देऊन आलो. मग शेवटच्या बाकावरच्या मित्राला फोन केला. पंधरा वर्षांत मी त्याला दोनदाही फोन केला नसेल. त्याचं इथे गॅरेज आहे, हे मला माहीत होतं. तिथे ट्रॅक्टर, मोटारपंप, रोवणीच्या दिवसांत चिखलणीची यंत्रं, सगळं येतं. पण 'आपली गाडी त्याच्याकडे कशाला न्यायची', हा माझा साहेबी विचार. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पायडलचं रबर पाहिलं का?"

मी परत जाऊन पाहिलं. क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं होतं. ड्रायव्हरची सीट एका बाजूने बसलेली. स्टिअरिंगच्या कातड्याला तेलकट चकाकी. ४८,००० किलोमीटरला असं होत नाही. मीटर मागे फिरवता येतो, बूड आणि पाय मागे फिरवता येत नाहीत. बयाणा बुडाला. दहा हजार ही माझी शिकवणीची फी, असं समजून मी ती खर्ची टाकली.

त्यानंतर मित्राने मला फोनवरून धडे दिले. त्याचं सार सांगतो, कारण इथल्या बऱ्याच जणांची मुलं आता जुन्या गाड्या शोधत आहेत. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहायची. आधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं. चालू करताना मागे कोणालातरी उभं करायचं. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितं. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर थंडाव्याचं पाणी आत शिरतं. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला तर हात जोडून निघायचं. दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, पाहायचं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. आणि सरकारी ॲपवर नंबर टाकून मालक किती झाले, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि दंड बाकी आहे का, हे घरबसल्या पाहायचं.

आणि सगळ्यात शेवटी त्याने सांगितलं, "गाडी नंतर पाहा, पयले मालक पाहा."

मालक मिळाले नाशिकला. निवृत्त अभियंता, पंच्याहत्तरीचे. मार्च २०११ ची लिनिया टी-जेट, पहिल्या हातची, ६१,००० किलोमीटर. त्यांनी गाडी दाखवण्याआधी एक वही दाखवली. पेट्रोल भरल्याची प्रत्येक तारीख, तेल बदलल्याची प्रत्येक पावती, टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याची नोंद. बॉनेटवर दोन ओरखडे होते, ते म्हणाले, "नातवाच्या सायकलचे आहेत, रंगवून लपवले नाहीत." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि रात्री गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं होतं. दोन लाख चाळीस हजारांना व्यवहार ठरला. किल्ली देताना त्यांनी मला एकच विचारलं, "हिचा आवाज तर नाही ना बदलणार?" मी म्हटलं, नाही. त्या वेळी मी खरं बोलत होतो की नाही, हे माझं मलाही माहीत नव्हतं.

कागद सोपे आहेत, पण आळस करू नका. फॉर्म २९ आणि ३० हस्तांतरणाचे. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८ वर ना-हरकत. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ वेगळा लागतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. नाहीतर उद्या काही झालं तर गाडी तुमच्याकडे, विमा दुसऱ्याच्या नावावर आणि खेटे मात्र तुम्हाला.

नाशिकहून निघण्याआधी मित्राने फोनवर टायरचे आकडे वाचायला लावले. निघाले २०१४ चे. खोबण्या अजून चांगल्या खोल होत्या. मी म्हटलं, वर्षभर चालतील. तो म्हणाला, "रबर बुढं झालं की आतून तडकते. तू समृद्धीनं येणार ना?" शिर्डीपासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग आदल्या डिसेंबरात सुरू झाला होता. १२० ची वेगमर्यादा, तासन्‌तास सरळ सिमेंट, वर ऊन, आणि टायर फुटून होणाऱ्या अपघातांच्या बातम्या. मी नाशिकलाच चारही टायर बदलले. त्याच मापाचे, २०५/५५ आर १६. जवळजवळ तीस हजार गेले. गाडी घेऊन एक दिवस झाला नव्हता आणि दिसण्यात कवडीचा फरक पडला नव्हता. बायको फोनवर म्हणाली, "तीस हजारांत काय आलं?" मी म्हटलं, "तेच टायर, पण नवे."

पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन थेट इथे, मित्राच्या गॅरेजात आलो. पोरगा बरोबर होता. तो पुण्याला इंजिनीअरिंगला आहे आणि त्याने यादीच करून आणली होती. इंजिनच्या संगणकाची आज्ञावली बदलायची, म्हणजे टर्बोचा दाब वाढून ताकद पाचवा-चौथा हिस्सा तरी वाढते. सायलेन्सर बदलायचा, म्हणजे आवाज भारदस्त होतो. मोठी रुंद चाकं. काळ्या काचा. मागे पंख. माझ्याही डोळ्यांत चमक आली होती, खोटं कशाला बोलू.

मित्राने गाडीखाली अर्धा तास काढला. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "पयले थांबाचं पाहा, मंग पळाचं."

मग त्याची यादी. ब्रेकचं तेल. ते हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की घाटात किंवा वारंवार ब्रेक मारल्यावर उकळतं आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं. ब्रेकचे पॅड आणि रबरी नळ्या. सस्पेन्शनचे बुश, ते झिजले की गाडी ब्रेक मारताना बाजूला ओढते. थंडाव्याचं पाणी आणि त्याच्या नळ्या. टायमिंग बेल्ट किलोमीटरने नव्हे तर वयाने संपत आला होता, तो. पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्याने तेव्हाच बदलल्या. आता २०२५ मध्ये पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा त्याचा उपयोग कळला, कारण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. आपल्या धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाने, तांदळापासूनही बनणाऱ्या इथेनॉलबद्दल तक्रार करू नये म्हणा, पण गाडीला ते कोण समजावणार?

पोरगा हिरमुसला. मित्राने त्याला जवळ बसवून कायदाही सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत जे लिहिलं आहे आणि कारखान्याने जशी गाडी घडवली आहे, त्याहून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. रंग बदलायचा तरी नोंदणीत लिहून घ्यावं लागतं. मग करायचं काय? तर कारखान्याने जे दिलं तेच उत्तम प्रतीचं बसवायचं. आत काय करायचं ते करा. आम्ही चार चांगले स्पीकर बसवले, दारांत आवाज अडवणारं अस्तर लावलं, उखडलेली सीट त्याच रंगाच्या कापडाने शिवून घेतली आणि स्टिअरिंगला नवं कातडं चढवलं. नातवाच्या सायकलचे ओरखडे तसेच ठेवले.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत आहेत. आपल्या सगळ्यांच्या ताटात त्यांचा एचएमटी तांदूळ आहे. १९८३ मध्ये पटेल-३ च्या बांधीत त्यांना थोड्या लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या. बाहेरून काही आणून चिकटवलं नाही; बांधीत जे होतं, त्यातलंच चांगलं ओळखलं. माझ्या मित्राला हे नाव सुचलं नव्हतं, मला सुचलं. पण त्याचं काम पाहतानाच सुचलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, मी शहाणा झालो. आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला.

नवेगावबांधचा तो रस्ता रात्री किती काळोखा असतो ते तुम्ही जाणता. माझ्या गाडीचे दिवे पिवळट, मंद. मित्र म्हणाला होता, तारा जुन्या आहेत, सवड झाली की करू. मला दम निघाला नाही. नागपूरला एका दुकानात झगझगीत पांढरे एलईडी बल्ब मिळाले, दहा मिनिटांत बसवून दिले. काय उजेड! झाडाच्या शेंड्यावरचं घुबड दिसावं एवढा. समोरचे लोक अप्पर-डिप्पर करून मला सांगत होते, मला वाटायचं ते जळतात.

२०२३ चा डिसेंबर. धान कापून झालेलं. संध्याकाळी सातचा सुमार. आईला डोळे तपासून नागपूरहून परत आणत होतो. ती मागे झोपलेली, पोरगा शेजारी. नवेगावबांधच्या अलीकडे मी साठ-पासष्टने होतो. समोरून एक सायकल. सायकलला दिवा नाही. तो माणूस माझ्या उजेडात आला, त्याने एक हात डोळ्यांवर धरला, आणि सायकल रस्त्याच्या कडेला जाण्याऐवजी सरळ मध्यावर आली. त्याला कड कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

मी ब्रेक मारला. गाडी ना बाजूला ओढली गेली, ना घसरली. जागच्या जागी रोवल्यासारखी उभी राहिली. सायकल माझ्यापुढून झोकांड्या खात गेली आणि माणूस धुऱ्यावरून बांधीत पडला. उतरून पाहिलं तेव्हा सायकलचं मागचं चाक आणि माझा बंपर यांत दोन पावलांचं अंतर होतं.

बांधीत पाणी नव्हतं, नुसती धसकटं होती. मनगट मुरगळलं होतं, पुढच्या चाकाचा आठ झाला होता. मी मोबाइलचा उजेड धरला तर त्यांनी पुन्हा हात आडवा धरला आणि म्हणाले, "कोण होय बाबू? मले काहीच नाही दिसलं. निरा उजेड."

आवाजावरून मी ओळखलं. मागून आईनेही ओळखलं. ज्यांनी आपल्या शाळेत रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा दिली, ज्यांनी उशिरा येणाऱ्या माझ्यासाठी फाटक लावायला मुद्दाम वेळ लावला, ते आपले काका.

आईने गाडीत बसल्या बसल्या मला जे सुनावलं ते या स्मरणिकेत छापता येणार नाही. काकांनी मात्र एका शब्दाने बोल लावला नाही. गाडीत बसले, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगली हाय." मला दहावीचा निकाल लागला तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मित्राकडे गेलो. तोही बोलला नाही. दिव्याच्या आतली वाटी दाखवली. ती वाटी जुन्या बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली असते. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघत नाही, म्हणून झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्याने ते बल्ब काढून एका डब्यात टाकले. काचांवर चढलेला पिवळेपणा घासून काढला. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार आणि रिले टाकली, कारण जुन्या तारेत वीज वाटेतच मरत होती, बल्बपर्यंत पोचतच नव्हती. वीज कंपनीतल्या माणसाला हे त्याने सांगावं, म्हणजे पाहा. बल्ब कारखान्याच्याच वॅटचे. मग रात्री शाळेच्या या भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली आणला. आता रस्ता स्वच्छ दिसतो आणि समोरचा माणूस मला दिवा मारत नाही. सगळा खर्च त्या एलईडीहून कमी.

हातातला पाना ठेवत तो म्हणाला, "गाडी तुही आहे, रस्ता साऱ्यायचा आहे."

त्या रात्री काका ज्या उजेडाने पडले तो माझ्या हौसेचा होता. ज्या ब्रेकने आणि टायरने ते वाचले ते या मित्राच्या हट्टाचे होते. दोन्ही त्याच गाडीत होते, आणि दोन्हीला मी सुधारणाच म्हणत होतो. तेव्हापासून गाडीत काही नवं घालायचं म्हटलं की मी आधी विचारतो, हे समोरून येणाऱ्याला कसं लागेल? सायलेन्सर तोच आहे, नाशिकच्या गृहस्थांना दिलेला शब्द पाळला गेला. आज्ञावली बदललेली नाही. पोरगा अजून आशेवर आहे. मी त्याला म्हणतो, तू स्वतःच्या कमाईची गाडी घे आणि ब्रेकपासून सुरुवात कर. ११४ अश्वशक्ती मला पुरते. डिकी ५०० लिटरची आहे, आईने दिलेली तांदळाची पोती आरामात मावतात.

येत्या मार्चमध्ये तिला १५ वर्षं पूर्ण होतील. नोंदणीचं नूतनीकरण करायचं, फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर. पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं, एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरच्या मोटारीला ५,००० झाले. मग आणखी पाच वर्षं. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप दिला गेला. माझ्या गाडीला हार नको. ती तपासणीत पहिल्या झटक्यात पास झाली तर मित्राच्या गॅरेजात मिसळ, एवढंच ठरलं आहे.

जाता जाता एक गोष्ट. दुपारी जेवणानंतर आपण जमवलेल्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे. एक सूचना फाटकावर संगमरवरी कमान उभारून आपल्या तुकडीचं नाव कोरण्याची आहे. दुसरी, प्रयोगशाळेचं गळकं छप्पर दुरुस्त करण्याची आणि मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत पाण्याची नळी नेण्याची. कमान झाली तर येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं नाव दिसेल. छप्पर झालं तर कोणाला काहीच दिसणार नाही, फक्त पावसात तास बंद पडणार नाही. मत प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. मी माझं कुठे टाकणार, ते तुमच्या लक्षात आलं असेल. शेवटच्या बाकावरच्या माणसालाही विचारा. तो बोलत नाही, पण विचारलं तर नेमकं सांगतो. मला हे कळायला चौतीस वर्षं आणि दहा हजारांचा बयाणा लागला.

काका पहिल्या रांगेत बसले आहेत. मनगट आता ठीक आहे. त्यांच्या सायकलला पुढे-मागे दिवे आम्ही दोघांनी मिळून लावून दिले. मघापासून ते घड्याळाकडे पाहत आहेत, आणि या शाळेत त्यांच्या घंटेपुढे कोणाचं काही चालत नाही, हेडमास्तरांचंही चाललं नाही.

काका, तास संपला. द्या घंटा.